‘फॉर्मल’ म्हणजे नेमके काय?
पोशाखाचे शब्द, त्यांचे प्रांतोप्रांतीचे अर्थ आणि आपल्या कारागिरांची रोजी

लग्नपत्रिकेवर वेळ आणि स्थळ यांच्या जोडीला हल्ली आणखी एक ओळ दिसू लागली आहे. ती ओळ पोशाखाची असते. कोठे ‘फॉर्मल’ लिहिलेले असते, कोठे ‘सेमी-फॉर्मल’, कोठे ‘इंडो-वेस्टर्न’, तर कोठे नुसते ‘ट्रॅडिशनल’. कंपन्यांच्या समारंभांच्या निमंत्रणांवर ‘स्मार्ट कॅज्युअल’ आणि ‘बिझनेस कॅज्युअल’ हे शब्द असतात. गिऱ्हाईक हा शब्द वाचून दुकानात येते, मास्टरला ऐकवते आणि कापड टेबलावर टाकते. गिऱ्हाइकाच्या मनात एक कपडा असतो, मास्टरच्या मनात दुसरा. कात्री चालल्यानंतर फरक लक्षात येतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

दोन नगांच्या सुटाला साधारण तीन मीटर कापड लागते. त्यात बंद गळ्याचा कोट एकदा कापला गेला की त्याचा उघड्या गळ्याचा कोट होत नाही, कारण पुढे मुडपायच्या पट्टीचे कापडच उरलेले नसते. अशा वेळी मजुरी बुडते, कापडाची भरपाई द्यावी लागते आणि वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक तुटते. लहान दुकानदाराला हंगामात असे दोन-तीन सौदे अंगावर आले तर महिन्याची कमाई जाते. म्हणून हे शब्द कोठून आले, कोणत्या भागात त्यांचा काय अर्थ घेतला जातो, आणि मुळात औपचारिक पोशाखाचा रिवाज का ओसरत चालला आहे, याची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना असावी या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

शब्द एक, कपडे अनेक

परक्या भाषेकडे वळण्याआधी आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘लेंगा’ म्हणजे पुरुषाचा ढगळ पायजमा. उत्तरेकडून आलेल्या कारागिराला हा शब्द ऐकवला तर त्याच्या डोळ्यांसमोर नवरीचा घेरदार लहंगा उभा राहतो. आपल्याकडे ‘नेहरू शर्ट’ म्हणजे लांब, सैल कुर्ता. काही घरांत त्यालाच झब्बा म्हणतात, काही घरांत सदरा, आणि जुनी माणसे शर्टाला पैरण म्हणत. मराठी घरात मुलीला ‘ड्रेस’ शिवायचा म्हणजे सलवार-कमीज शिवायची. दिल्ली-लखनौकडच्या बाईसाठी तीच सलवार-कमीज ‘सूट’ असते. मुंबईच्या मास्टरला ‘सूट’ म्हटले की तो कोट-पँटचे माप घ्यायला टेप काढतो. इंग्रजीत ‘ड्रेस’ म्हटले तर तो एकसंध झगा होतो. माणसे सगळी बरोबर बोलत असतात, फक्त प्रत्येकाचा प्रांत वेगळा असतो.

शेरवानी आणि अचकन यांचीही तीच गत आहे. सर्वसाधारणपणे शेरवानीला कमरेखाली घेर अधिक आणि कापड जड, तर अचकन अंगाबरोबर, हलकी आणि बाजूला चिरा असलेली, असा फरक सांगितला जातो. पण प्रत्यक्ष बाजारात हा फरक पाळला जात नाही. हैदराबादेत लग्नाला आलेला पाहुणाही शेरवानी घालतो. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी ती नवऱ्या मुलाचीच समजली जाते. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात काळी शेरवानी हा आजही समारंभाचा पोशाख आहे. तेव्हा ‘शेरवानी शिवा’ एवढ्या दोन शब्दांवर ऑर्डर घेणे म्हणजे अंधारात कात्री चालवणे होय.

साहेबांच्या शब्दांची उतरंड

आता इंग्रजी शब्दांकडे येऊ. इंग्रजांच्या जुन्या रिवाजात संध्याकाळचा पूर्ण औपचारिक पोशाख म्हणजे ‘व्हाइट टाय’. मागे शेपटे असलेला काळा कोट, पांढरे जाकीट आणि गळ्याला पांढरा बो, असे त्याचे स्वरूप. त्याच्या एक पायरी खाली ‘ब्लॅक टाय’ येई, आणि खरे तर ‘सेमी-फॉर्मल’ हा शब्द या पोशाखासाठी होता. नेहमीच्या कोट-पँटला ‘लाउंज सूट’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात जेव्हा तो आला तेव्हा तो फिरायला जाण्याचा आणि निवांत बसण्याचा, म्हणजे अनौपचारिक कपडा होता. ब्रिटिश वळणाच्या निमंत्रणावर आजही ‘लाउंज सूट’ लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ साधा कोट-पँट व टाय एवढाच असतो.

पुढे हळूहळू सगळे शब्द एकेक पायरी खाली घसरले. व्हाइट टाय जवळजवळ नाहीशी झाली. ब्लॅक टाय हा क्वचित घडणारा थाट झाला. जो लाउंज सूट अनौपचारिक होता तोच ‘फॉर्मल’ ठरला. आपल्या देशात तर शब्द आणखी खाली आला. आपल्या रेडिमेड दुकानांत ‘फॉर्मल शर्ट’ म्हणजे पूर्ण बाहीचा, कॉलरचा साधा शर्ट आणि ‘फॉर्मल पँट’ म्हणजे इस्त्रीची घडी असलेली पँट. कोट नाही, टाय नाही, तरीही तो फॉर्मल. लंडनहून आलेला माणूस मुंबईच्या निमंत्रणावरचा ‘फॉर्मल’ वाचून काळा सूट चढवतो आणि इथला माणूस पांढरा शर्ट-पँट घालून येतो. दोघेही आपापल्या समजुतीने बरोबर असतात.

‘सेमी-फॉर्मल’ची कथाही अशीच आहे. अमेरिकेतल्या लग्नात त्याचा अर्थ बहुधा गडद सूट असा घेतात. आपल्याकडे टाय नसलेला शर्ट आणि सुती पँट एवढ्याने काम भागते. ‘स्मार्ट कॅज्युअल’वर तर इंग्रजांचेही आपसांत एकमत नाही. तिकडे पुष्कळ ठिकाणी टायशिवाय जाकीट अपेक्षित असते, आपल्याकडे कॉलरचा शर्ट आणि बंद बूट चालतात.

ब्लॅक टायच्या कोटाची नावेही देशागणिक बदलतात. इंग्रज त्याला ‘डिनर जॅकेट’ म्हणतात. अमेरिकन त्याला ‘टक्सीडो’ म्हणतात, कारण न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या वस्तीत १८८० च्या दशकात त्याचा प्रघात पडला. फ्रान्स, जर्मनी व इटलीत त्याच कोटाला ‘स्मोकिंग’ म्हणतात. बाहेरच्या देशांशी व्यवहार करणाऱ्या बांधवांनी आणखी चार शब्द ध्यानात ठेवावेत. ‘वेस्ट’ म्हणजे इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे बनियन, अमेरिकेत मात्र बिनबाह्यांचे जाकीट. ‘पँट्स’ म्हणजे अमेरिकेत विजार, इंग्लंडमध्ये आतली चड्डी. ‘सस्पेंडर’ म्हणजे अमेरिकेत पँटचे खांद्यावरचे पट्टे, इंग्लंडमध्ये बायकांचे मोजे अडकवायचे पट्टे. ‘जंपर’ म्हणजे इंग्लंडमध्ये लोकरी स्वेटर, अमेरिकेत बिनबाह्यांचा झगा. मापांचेही तसेच आहे. बायकांच्या कपड्यांचा अमेरिकन ८ नंबर हा साधारणपणे इंग्लंडचा १२ नंबर असतो. या एका फरकावर अख्खी खेप परत येऊ शकते.

आपल्याकडून गेलेले शब्द

या साहेबी शब्दांना आपण दबकून असतो, पण त्यांतले कित्येक आपल्याच दुकानांतून गेले आहेत, हे जाणले तर तो दबदबा आपोआप कमी होईल. ब्लॅक टायच्या पोशाखात कमरेला जी रुंद पट्टी बांधतात तिला इंग्रज ‘कमरबंड’ म्हणतात. तो आपला फारसी-हिंदुस्थानी कमरबंदच आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो इथून उचलला. ‘पायजमा’ हाही फारसी शब्द आहे, पाय आणि जामा मिळून झालेला. आपण तो ईदच्या नमाजला शेरवानीखाली घालतो. इंग्रजाने त्याला रात्री झोपण्याचा कपडा केले.

‘जोधपुरी’ म्हटले की आपल्याला बंद गळ्याचा कोट आठवतो. इंग्रजीत ‘जोधपुर्स’ म्हणजे घोड्यावर बसण्याची, वरून फुगीर व खाली पोटरीला घट्ट अशी विजार. ‘नेहरू जॅकेट’ आपल्याकडे बिनबाह्यांचे असते. पश्चिमेकडे १९६० च्या दशकात याच नावाने पूर्ण बाह्यांचा, उभ्या कॉलरचा कोट विकला गेला, आणि आजही तिकडचे गिऱ्हाईक या नावाखाली बाह्या गृहीत धरते. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला डुंगरी म्हणत. त्यावरून इंग्रजीत ‘डंगरीज’ शब्द आला. आज इंग्लंडमध्ये तो शब्द छातीपर्यंत पुढचा भाग असलेल्या मजुराच्या विजारीसाठी वापरतात. शब्द बोटीत बसून गेला आणि परत आला तेव्हा त्याचा कपडा बदललेला होता.

आखात आणि पूर्वेकडील देश

कोकणातील रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतली माणसे आखातात नोकरी-धंद्याला आहेत, त्यांत शिंपीही आहेत. तिकडे औपचारिक म्हणजे सूट, असे समजून जाणाऱ्याची पंचाईत होते. तिथल्या माणसाचा स्वतःचा पोशाखच तिथे सर्वांत औपचारिक मानला जातो. पण त्याचेही नाव व कट देशागणिक वेगळे आहेत. सौदी अरेबियात त्याला थोब म्हणतात आणि बहुधा शर्टासारखी ताठ कॉलर असते. अमिरातीत कंदुरा म्हणतात, त्याला कॉलर नसते आणि गळ्याला गोंडा लोंबतो. ओमानमध्ये दिशदाशा म्हणतात, त्यालाही कॉलरऐवजी लहान गोंडा असतो. कुवेतमध्येही दिशदाशा हाच शब्द आहे, पण कट ओमानहून निराळा. समारंभात त्यावर जरीकाठाचा पातळ झगा घेतात, तो बिश्त. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर अर्जेंटिनाच्या मेस्सीच्या खांद्यावर हाच काळा बिश्त चढवण्यात आला आणि साऱ्या जगाने तो पाहिला.

इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर टाय ही परकी खूण मानली गेली. तिथले अधिकारी कोट घालतात, पण टाय लावत नाहीत. इंडोनेशियात पूर्ण बाह्यांचा बाटिक शर्ट सरकारी समारंभातही औपचारिक मानला जातो. फिलिपिन्समध्ये बारोंग नावाचा पातळ, कशिदा केलेला, पँटच्या बाहेर सोडलेला शर्ट लग्नात व दरबारात चालतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. औपचारिकतेचा एकच साचा जगात कधी नव्हता. ज्या समाजाने आपला पोशाख नीटनेटका, ठरावीक कटाचा आणि अभिमानाने वापरला, त्याचा पोशाख औपचारिक ठरला.

औपचारिकता का ओसरली?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सूट, टाय, टोपी यांचा वापर गेल्या साठ-सत्तर वर्षांत सतत कमी होत आला. याला फॅशनची लहर म्हणून सोडून देणे बरोबर नाही. त्यामागे ठोस कारणे आहेत आणि त्यांतली काही व्यापाऱ्यांनीच घडवली आहेत.

हवाई बेटांवर १९६० च्या दशकात तिथल्या कापड कारखानदारांनी जोर लावून शुक्रवारी कचेरीत रंगीत हवाई शर्ट घालण्याची प्रथा सुरू करून घेतली. त्यांचा माल खपावा हा त्यामागचा सरळ हेतू होता. तीच प्रथा पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ‘कॅज्युअल फ्रायडे’ झाली. १९९२ साली जीन्सच्या प्रसिद्ध लेव्हाइज कंपनीने अमेरिकेतील हजारो कंपन्यांच्या नोकरभरती विभागांना कचेरीतल्या साध्या पोशाखाविषयी एक पुस्तिका पाठवली. कोणता साधा पोशाख कचेरीत शोभतो याची चित्रे त्यात होती, आणि अर्थातच त्यात कंपनीच्या सुती पँटी होत्या. म्हणजे ‘बिझनेस कॅज्युअल’ या शब्दाचा अर्थ ठरवण्यात विक्रेत्याचा मोठा हात होता. शब्दाचा अर्थ जो ठरवतो तो बाजार जिंकतो, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

दुसरे कारण उष्णता व वीज. जपान सरकारने २००५ साली उन्हाळ्यात कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवण्याची आणि कोट-टाय न घालण्याची मोहीम काढली. आपल्याकडचा उन्हाळा तर त्याहून कडक आहे. लोकरी सूट हा थंड देशाचा कपडा, तो नागपूर-जळगावच्या मे महिन्यात किती दिवस टिकणार? १९७० व ८० च्या दशकांत आपल्या अधिकारी वर्गाने सफारी सूट घातला तो याच कारणाने. अर्ध्या बाह्या, टाय नाही, तरीही तो सूट. आज तोही दिसेनासा झाला आहे.

तिसरे कारण संगणकाच्या कंपन्या. त्यांचे मालकच टी-शर्टवर फिरू लागले, तेव्हा नोकराने सूट घालण्याचे प्रयोजन राहिले नाही. न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स या बँकेनेही मार्च २०१९ मध्ये आपल्या सर्व नोकरांसाठी पोशाखाचे नियम सैल केले. इंग्लंडच्या संसदेत २०१७ साली सभापतींनी पुरुष सभासदांना टाय सक्तीची नाही असे सांगितले.

त्यानंतर २०२० ची महामारी आली. कचेऱ्या घरात आल्या, लग्ने पन्नास माणसांत होऊ लागली. १८१८ साली स्थापन झालेल्या ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकेतील जुन्या सूट कंपनीने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुढच्याच महिन्यात मेन्स वेअरहाउस ही दुकाने चालवणारी कंपनी त्याच वाटेने गेली. इंग्लंडचे सरकारी आकडेखाते महागाई मोजण्यासाठी नेहमीच्या वस्तूंची यादी ठेवते. २०२२ साली त्या यादीतून पुरुषांचा सूट वगळण्यात आला आणि त्याच्या जागी नुसते जाकीट किंवा ब्लेझर घेण्यात आले. सूट ही नेहमीच्या खरेदीची वस्तू राहिली नाही, याची ही सरकारी नोंदच झाली.

ही लाट आपल्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचली आहे. कोटाच्या छातीत कॅनव्हास घालून हाताने टाके भरणारे, तीन-तीन ट्रायल घेणारे उस्ताद आता थोडे उरले. त्यांच्या मुलांनी ते काम शिकले नाही, कारण डिंकाने चिकटवलेल्या बुकरमचा तयार कोट निम्म्या दरात मिळतो. टाय विकणारे, बूट शिवणारे, कोटाला इस्त्री करणारे, काज-बटणवाले, या सर्वांच्या रोजीवर त्याचा परिणाम झाला.

काम संपले नाही, जागा बदलली

पण इथे नीट पाहिले पाहिजे. कचेरीतली औपचारिकता घटली, त्याच काळात आपल्या देशात लग्नसमारंभातली वाढली. पूर्वी निकाह आणि वलीमा यांपुरते कपडे शिवले जात. आता हळद, मेंदी, संगीत अशा प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा पोशाख मागितला जातो. बंद गळा, शेरवानी, नेहरू जाकीट यांची मागणी तिथे आहे. हे अतिरेकाचे वळण आम्हांस पसंत नाही आणि त्याविषयी शेवटी लिहूच, पण कारागिराने बाजार कोठे आहे हे ओळखले पाहिजे.

दुसरे, आपल्या पोशाखाला कायद्याने व नियमाने जी जागा आहे ती पुष्कळांना माहीत नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियमांत पुरुष वकिलांसाठी उघड्या गळ्याच्या काळ्या कोटाबरोबरच बंद गळ्याचा कोट, चपकन, अचकन आणि काळी शेरवानी ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे न्यायालयात पांढऱ्या पट्ट्या व गाउनसह काळी शेरवानी घालण्याचा वकिलाला नियमानेच अधिकार आहे. किती शिंप्यांनी हे आपल्या गावच्या वकिलांना सांगितले?

तामिळनाडूत २०१४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे एका क्लबात प्रवेश नाकारला गेला. त्यावर त्याच वर्षी तिथल्या विधानसभेने कायदा करून अशा पोशाखावरील क्लबांची बंदी बेकायदा ठरवली. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीदान समारंभासाठी हातमागाच्या कापडाचे पोशाख वापरण्यास विद्यापीठांना सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाने आपल्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात बिनबाह्यांच्या जाकिटासह कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. जिथे एके काळी कुर्ता दाराबाहेर थांबत होता, तिथे आता तो टेबलावर बसतो. मात्र नौदलाने रंग, लांबी, कट हे सर्व ठरवून दिले आहे. ठरावीकपणा आला की कुर्ताही औपचारिक होतो.

तिसरे, गणवेश. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांतील शिक्षकांसाठी पोशाखाचा निर्णय काढला. पुरुषांनी फिक्या रंगाचा शर्ट खोचून गडद पँट घालावी, स्त्रियांनी साडी किंवा दुपट्ट्यासह सलवार-कमीज वा चुडीदार घालावा, जीन्स व टी-शर्ट नको, असे त्यात आहे. इस्पितळे, हॉटेले, शाळा यांना गणवेश लागतच राहणार. सोलापूर शहराने गणवेशाच्या शिलाईत आपले नाव केले आहे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी आणि आपल्या शहरांतील शिलाई कारखान्यांनी तिकडे लक्ष द्यावे.

दुकानात काय करावे?

पहिली गोष्ट, ऑर्डर घेताना कपड्याचे नाव लिहून थांबू नये. गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावेत. कार्यक्रम दिवसा की रात्री? गिऱ्हाईक यजमानांपैकी की पाहुण्यांपैकी? निमंत्रण कोणाचे, आपल्या शहरातले की बाहेरचे? पायांत बूट असणार की मोजडी? या चार उत्तरांतून अर्धा गोंधळ दूर होतो.

दुसरी गोष्ट, मापाच्या वहीत नावाऐवजी कट लिहावा. गळा बंद की उघडा, कॉलर किती इंच उंच, बटणे किती, लांबी गुडघ्याच्या वर की खाली आणि किती इंच, घेर किती, चिरा बाजूला की मागे, अस्तर कोणते, बाहीला कफ की बटण. शक्य असेल तर शेजारी हाताने आकृती काढावी. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवते. तो आपल्याकडे मागून घ्यावा आणि वहीत त्याची नोंद ठेवावी. मात्र फोटोतले कापड आणि टेबलावरचे कापड एकसारखे पडणार नसेल तर तसे आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट, भिंतीवर एक फळा लावावा. ‘आमच्या दुकानात जोधपुरी म्हणजे हे, अचकन म्हणजे हे, नेहरू जाकीट म्हणजे हे’, अशी चित्रे त्यावर असावीत. जगात अर्थ काहीही असो, आपल्या दुकानापुरता तो पक्का झाला की वाद मिटतो. लेव्हाइजच्या पुस्तिकेने मोठ्या प्रमाणावर जे केले, तेच हा फळा आपल्या गल्लीत करील.

चौथी गोष्ट, हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या नव्या दरांनुसार प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढील किमतीवर १८ टक्के कर आहे. जड शेरवानी विकणाऱ्याने दर सांगण्याआधीच हा फरक धरावा, आणि संचाची किंमत कशी दाखवायची हे आपल्या हिशेबनिसाला विचारून ठरवावे.

पाचवी गोष्ट, कापडाविषयी खरे बोलणे. नवरा मुलगा ‘सिल्कची शेरवानी’ मागतो. पुरुषाला अस्सल रेशीम वर्ज्य आहे हे आपणांस ठाऊक आहे. बाजारात ‘आर्ट सिल्क’ म्हणून जे मिळते ते रेशीम नव्हे, कृत्रिम धागा असतो. तो रेशमाच्या भावाने विकणे ही फसवणूक आहे, आणि अस्सल रेशीम काही न सांगता गळ्यात मारणे हीही त्याच्या दीनाशी बेइमानी आहे. आपल्या वाडवडिलांनी यावर तोड काढली होती. मशरू या कापडाची अंगाकडची बाजू सुती व वरची रेशमी असते, आणि त्याचे नावच शरीअतने परवानगी दिलेले या अर्थाचे आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरूही सूत व रेशीम मिसळून विणला जातो. मिश्रणाचे प्रमाण किती चालते हा मसला गिऱ्हाइकाने आलिमांना विचारावा. आपले काम त्याला धागा खरा सांगण्याचे आहे. हिमरूचे जाकीट शिवून विकले तर विणकर, शिंपी व दुकानदार तिघांचीही रोजी चालते.

नीटनेटकेपणा आणि उधळपट्टी

शेवटी एक गोष्ट. इस्लामने पोशाखाला सूट-टायच्या मापाने कधी मोजले नाही. मस्जिदीत जाताना चांगला पोशाख करावा आणि उधळपट्टी करू नये, या दोन्ही गोष्टी सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत एकत्र आल्या आहेत. आपली औपचारिकता या दोहोंच्या मध्ये आहे. स्वच्छ, सतर झाकणारा, प्रसंगाला साजेसा कपडा हवा, आणि दोन तासांच्या कार्यक्रमासाठी कर्ज काढून चार जोड शिवण्याची गरज नाही. धंदा आपला असला तरी असे कर्ज काढणाऱ्या गरीब बापाला एकच शेरवानी दोन प्रसंगांना कशी वापरता येईल, ती पुढे धाकट्या भावाला कशी सैल-घट्ट करून देता येईल, हे सांगणारा मास्टर दोन पैसे कमी कमावेल, पण ते घर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच दुकानात येईल.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. शिलाईची ऑर्डर हाही एक करारच आहे. आगाऊ पैसे घेतलेले असतात, कपडा नंतर द्यायचा असतो. शब्दांचे अर्थ गावोगावी बदलत राहतील, उद्या आणखी नवे शब्द पत्रिकेवर येतील. वहीत नीट लिहिलेले माप आणि कट मात्र बदलत नाही. तेव्हा आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की पुढच्या हंगामाआधी मापाची वही बदला, त्यात कटासाठी रकाने आखा आणि दुकानातल्या शागिर्दालाही ते भरायला शिकवा. इन्शाअल्लाह, वादही कमी होतील आणि रोजीत बरकतही राहील.